करड्याखालचं सोनं

सोलांज पेल्तियेचं उजवं मनगट मोंत्रयच्या बाजारात मोडलं. कोबीच्या ओल्या पानावरून पाय सरकला, तिने हात टेकला आणि काडकन आवाज झाला. मासळीवाली धावत आली, कुणीतरी खुर्ची आणली. खुर्चीत बसल्या बसल्या सोलांज विचारत होती, "आज तारीख काय?" जमलेल्यांना वाटलं, बाईच्या डोक्याला मार लागलाय. डोकं ठिकाणावर होतं. ती दिवस मोजत होती. हात प्लास्टरमध्ये गेला तर सहा आठवडे गेले, आणि कारखान्यात दुरुस्तीला आलेली लारोशेतबाईंची चित्रचौकट तर पुढच्याच शुक्रवारी तयार हवी होती.

सेंत-आंत्वान वस्तीतल्या एका आवारात, सुतारांच्या वरच्या मजल्यावर, मस्यू ब्रेशारचा कारखाना होता. तिथे जुन्या चौकटी येत. राजांच्या काळातल्या, ओकच्या लाकडात कोरलेल्या, कोपऱ्यांवर शिंपले आणि फुलं असलेल्या. कुणाच्या माळ्यावरून येत, कुणाच्या लिलावातून. बऱ्याचदा आत चित्र नसेच. एक कोपरा निखळलेला, एक फूल उंदराने खाल्लेलं, सोनं धुराने काळवंडलेलं. इथून त्या पुन्हा कुणाच्या तरी दिवाणखान्यात, संगमरवरी शेकोटीच्या वर जात. ब्रेशारकडे काम करणारे सहाजण होते आणि त्यांच्या बोलण्यात चित्राचा विषय क्वचितच निघे. चित्र चांगलं की वाईट ते चित्रकाराने बघावं. त्याला भिंतीशी नांदवायचं काम यांचं.

सोलांज तिथे चौदाव्या वर्षी आली, पेर्शकडच्या खेड्यातून, मावशीचा कोट घालून. कोरायचं पुरुषांनी आणि घोटायचं बायकांनी, असा तिथला रिवाज. सशाच्या कातड्याच्या सरसात खडू कालवून त्याचे दहा-बारा हात लाकडावर द्यायचे, त्यावर तांबडी माती, मातीवर पाण्याने सोन्याचा वर्ख, आणि वर्ख सुकत आला की अकीकाच्या दगडाने घोटायचं. लवकर घोटलं तर सोनं फाटतं. उशीर झाला तर चकाकत नाही. मधली वेळ कधी तासाची असते, कधी दहा मिनिटांची, आणि हवा दमट असली तर संध्याकाळपर्यंत येतच नाही. तेहेतीस वर्षं सोलांज या मधल्या वेळेची वाट बघत बसली होती. काळजी करणं हा तिच्या धंद्याचा भाग होता, आणि धंदा संपवून घरी आल्यावर तो भाग काही कारखान्यात राहत नसे. गॅस बंद केला का, हे बघायला ती जिना उतरून पुन्हा चढायची. मुलगी शाळेतून पाच मिनिटं उशिरा आली तर तिने गल्लीच्या तोंडापर्यंत दोन चकरा मारलेल्या असत.

मुलगी एकच. क्लोतिल्द. ती तीन वर्षांची असताना बाप एका सकाळी मार्सेयला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. पोरीला सांभाळायला कुणी नव्हतं. ती आईच्या मेजाखाली, लाकडाच्या भुशाने भरलेल्या खोक्यात झोपायची. अठराव्या वर्षी मात्र तिने लियोंच्या मावशीच्या हातमोज्यांच्या दुकानात नोकरी धरली. तीन वर्षांनी परत आली ती एकच वाक्य घेऊन: "मला आयुष्यभर लोकांची बोटं मापायची नाहीत." सोलांजने ब्रेशारचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. त्याने दोन वर्षांच्या बोलीवर क्लोतिल्दला घेतलं.

ती दोन वर्षं आता भरत होती. म्हातारी एर्नेस्तीन काम सोडून समुद्राकाठी राहायला गेली होती, आणि उत्तरेच्या खिडकीखालचं तिचं मेज रिकामं होतं. सोलांजचा हात प्लास्टरमध्ये गेल्यावर ब्रेशारने लारोशेतबाईंची चौकट उचलून त्याच मेजावर ठेवली.

"ही क्लोतिल्द करेल," तो म्हणाला. "एकटी. शुक्रवारी मी बघणार. जमलं तर मेज तिचं. नाही जमलं तर नाही."

जास्त बोलायची त्याला सवय नव्हती. आणि "नाही" म्हणजे काय, ते सोलांजला कुणी सांगायला नको होतं. लियोंच्या मावशीने काउंटरमागची जागा अजून भरली नव्हती. दर पत्रात ती तसं मुद्दाम लिहायची.

"आई, तू घरी बसायचं," क्लोतिल्दने रविवारी बजावलं. "फोन करायचा नाही. डबा आणायचा नाही. गास्तोंकाकांबरोबर निरोप पाठवायचा नाही."

"मी कशाला पाठवू निरोप?"

"तू पाठवशील."

"एवढंच सांगते, पितळी रंग काढताना..."

"आई!"

चौकट सव्वादोनशे वर्षांची होती. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा शहाण्याने तिच्यावर स्वस्तातला पितळी रंग फासला होता. तो आता शेवाळासारखा हिरवट-तपकिरी झाला होता. तो रंग उतरवायचा, खालचं जुनं सोनं मोकळं करायचं, फाटलं-तुटलं तेवढंच भरायचं, असं काम होतं. अशा शंभरएक चौकटी सोलांजच्या हाताखालून गेल्या होत्या. सोमवार तिने कसाबसा काढला. मंगळवारी डाव्या हाताने सगळी कपाटं पुसली. बुधवारी सकाळी तिला वाटलं, पोरगी नुसत्या पावावर राहत असेल. अकरा वाजता तिने मसुराचं सूप डब्यात ओतलं आणि बस पकडली.

मेजापाशी क्लोतिल्द नव्हती.

"बाहेर गेली," गास्तों म्हणाला. तो कोरीवकाम करायचा आणि सोलांजइतकाच जुना होता. "नऊ वाजताच. कुठे ते सांगितलं नाही. तुला घरी डांबलं होतं ना?"

"डबा आणलाय."

"डबा! आणि डब्याबरोबर दोन डोळेही आणलेस. त्यांना काही काम देऊ नकोस हो, पोरगी माझी मान पिरगाळेल."

एवढं बोलून तो जेवायला खाली उतरला. बाकीचे आधीच गेले होते. सोलांजने डबा स्टोव्हवर ठेवला आणि फक्त एकदा बघावं म्हणून मेजाकडे वळली.

पितळी रंग जवळजवळ सगळा उतरला होता, आणि तोही सुरेख, एक ओरखडा नाही. पण खाली सोनं नव्हतं. चारी बाजूंना, फुलांवर, शिंपल्यांवर, मळकट करडा थर. आतल्या काठाला तेवढी सोन्याची एक बारीक रेघ. दोन दिवसांत पोरगी इथवर आली होती आणि इथेच अडकली होती. उद्याचा एक दिवस उरलेला. नऊ वाजल्यापासून बाहेर. कुठे? नदीकाठी रडत बसली असेल. की स्टेशनवर लियोंच्या गाड्या बघत?

करड्याखाली सोनं असणार हे सोलांजला माहीत होतं. असा कोपरा, असं कोरीवकाम कुणी सोन्याशिवाय सोडत नसे. पोरगी घाबरली असेल, एवढंच. तिला थोडंसं दाखवून ठेवलं, बोटाएवढं, की पुढचं ती करेल. एवढ्याने काय बिघडतं? मोडक्या हाताच्या आईने बोटाएवढी जागा दाखवली तर ते काम पोरीचंच राहतं.

तिने काडीला कापूस गुंडाळला आणि तोंडात घालून ओला केला. नाजूक जागी हे लोक आजही थुंकीच वापरतात. पाण्यापेक्षा ती सोन्याशी सांभाळून वागते. डाव्या हाताने तिने कापूस फुलाच्या एका पाकळीवर फिरवला. करडा रंग सायीसारखा सुटून आला. खाली सोनं होतं. उबदार, घोटलेलं, पातळ झालेल्या जागी तांबडी माती डोकावणारं. कुणीतरी सव्वादोनशे वर्षांपूर्वी नेमकी वेळ साधून घोटलेलं. सोलांजने दुसरी पाकळी केली. मग देठ. मग शेजारचं पान. कापसाच्या काळ्या गोळ्या मेजावर साठत गेल्या. बोटाची वीत कधी झाली ते तिला कळलंच नाही.

"आई."

क्लोतिल्द दारात उभी होती. अंगात कोट, हातात वही, आणि वहीत करड्या रंगाच्या कागदी पट्ट्या.

"ये, बघ," सोलांज म्हणाली. "बघ, आहे सोनं! उगाच घाबरलीस. संध्याकाळपर्यंत एक बाजू..."

"हात काढ."

"अगं, पण..."

"चौकटीवरचा हात काढ, आई."

सोलांजने हात काढला. क्लोतिल्दने जवळ येऊन वाकून बघितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर सोलांजला बरं वाटलं असतं.

"मी लारोशेतबाईंकडे गेले होते," ती सावकाश म्हणाली, शाळेतल्या मुलाला समजावतात तशी. "त्यांच्या दिवाणखान्यात. ही चौकट जिथे टांगायची त्या भिंतीला लाकडी पॅनेल आहे. आरशामागचं एक पॅनेल कुणी कधी पुन्हा रंगवलेलंच नाही. ते करडं आहे. हाच करडा. काठाला हीच सोन्याची रेघ. चौकट केल्यावर चाळीसेक वर्षांनी त्या घराने सगळी खोली नव्याने रंगवली आणि चौकटही खोलीच्या रंगाची करून घेतली. हा रंग म्हणजे घाण नव्हे, आई. ती खोली आहे. बाकीची पॅनेल पुन्हा रंगवली गेली, पडदे गेले, उरलाय तो आरशामागे आणि इथे. मी बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, 'चाळीस वर्षं मी मोलकरणीला ओरडतेय की आरशामागची भिंत नीट पुसत नाहीस.' मग बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, करडाच ठेवा."

सोलांज मेजावरच्या कापसाच्या गोळ्यांकडे बघत राहिली. तेहेतीस वर्षं तिने खाली सोनं दिसलं की वरचं काढून टाकलं होतं. त्यातलं किती घाण होतं आणि किती खोली होती, हा विचार तिच्या मनात आजवर आलाच नव्हता.

"मी ब्रेशारला सांगते," ती म्हणाली. "माझी चूक. माझा हात. तुझा काय संबंध?"

"आणि तो काय म्हणेल? मुलीचं काम मोडक्या हाताने आई येऊन करून जाते. मग मेज कुणाला देऊ, तुला की तिला?"

"मग नाही सांगत."

"मग मी खोटं बोलू?"

पुढे बोललं तरी पोरीचं नुकसान आणि गप्प बसलं तरी पोरीचंच. गास्तों जेवून वर आला, दोघींकडे बघितलं, मेजाकडे बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता आपल्या जागी जाऊन बसला.

"घरी जा," क्लोतिल्द म्हणाली. "सूप ठेव. घरी जा."

गुरुवारी सोलांजने जागचं हलायचं नाही असं ठरवलं. क्लोतिल्द काय करत असेल ते तिला घरबसल्या दिसत होतं. सरस गरम करायचा, खडू, किंचित काळा, किंचित पिवळी माती. पण हा रंग ओला असताना गडद दिसतो आणि सुकल्यावर उजळतो. किती उजळेल ते सुकल्याशिवाय कळत नाही. एक पट्टी रंगवायची, तासभर थांबायचं, चुकलं तर दुसरी. सरस जास्त झाला तर रंग तकाकतो, कमी झाला तर बोटाला लागतो. अंगठा आणि तर्जनीत चिमूटभर सरस चिकटवून सोडलं की सोलांजला कळायचं. क्लोतिल्दला कळतं का? शिकवलं होतं. एकदा की दोनदा? दुपारी तीन वाजता तिने कोपऱ्यावरच्या कॅफेतून फोन लावला.

"ब्रेशार आणि कंपनी," गास्तोंचा आवाज.

"मी बोलतेय. क्लोतिल्द आहे का?"

पलीकडे रिसीव्हरवर हात ठेवल्याचा आवाज झाला. मग, "ती म्हणते, ती इथे नाहीये."

"गास्तों, तिला एवढंच विचार, सरस बोटाला..."

"ती म्हणते, ती नाहीच आहे, तर उत्तर कसं देणार? सोलांज, घरी जा बाई. आम्हीही इथे श्वास रोखूनच बसलोय. त्यात तुझी भर नको."

शुक्रवारी मात्र ती गेली. आत जायचा धीर नव्हता. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली, दार अर्धं उघडं होतं. ब्रेशार चौकटीपाशी आला होता; करडाच ठेवायचा हा बाईंचा निरोप त्याला कळलेला होता. त्याने चौकट उचलून खिडकीशी नेली, दिवा तिरपा धरला. वरची बाजू, डावी, उजवी. खालच्या बाजूला त्याचा दिवा थांबला. त्याने पुढे जाऊन मागे आणला. मग अंगठ्याचं नख त्या फुलावर हलकेच टेकवलं.

"इथे काय झालं?"

"इथला करडा गेला होता. मी नवा भरला," क्लोतिल्द म्हणाली. तिचा आवाज सरळ होता, पण हात मागे घट्ट धरलेले सोलांजला पाठीमागून दिसत होते.

"कसा गेला?"

कारखान्यात गास्तोंची पटाशीसुद्धा थांबली. सोलांजला वाटलं, आता बोललं तरी मेलं, नाही बोललं तरी मेलं. आणि तेवढ्यात तिचं तोंड तिला न विचारताच उघडलं.

"माझ्या हाताने गेला. ती इथे नव्हती. तिला विचारलं नाही की सांगितलं नाही. मी आले, बघितलं आणि काढलं."

ब्रेशार वळला. त्याने आधी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग प्लास्टरकडे.

"डाव्या हाताने?"

"हो."

"थुंकीने?"

"हो."

"खाली काय होतं?"

"सोनं," सोलांज म्हणाली, आणि तिला रडू आलं. "फार सुंदर सोनं होतं हो, मस्यू ब्रेशार."

ब्रेशार दिवा मेजावर ठेवून क्लोतिल्दकडे वळला.

"चौकट कुणाची?"

"माझी. म्हणजे लारोशेतबाईंची. पण जबाबदारी माझी. मी चौकट कापडाने झाकून, कुलपात ठेवून जायला हवं होतं. माझी आई कशी आहे ते मला तेवीस वर्षं माहीत आहे."

गास्तों खोकला. खोकला की हसला, ते कळलं नाही.

"फोन कर," ब्रेशार म्हणाला. "लारोशेतबाईंना. तू सांगायचं. काय गेलं, किती गेलं, काय भरलं. पुढे चौकट परत पाठवायची की ठेवायची ते त्या ठरवतील. आणि मग मी."

फोन भिंतीवर होता. क्लोतिल्दने नंबर फिरवला. सोलांज अजून पायरीवरच होती, तिला एकच बाजू ऐकू येत होती.

"मादाम, मी क्लोतिल्द पेल्तिये... हो, तयार आहे. पण एक सांगायचंय... नाही, मोडली नाही. खालच्या बाजूला, मधल्या शिंपल्याच्या डावीकडे, वीतभर जागेवरचा जुना करडा निघाला. आमच्याकडून... हो, निघाला म्हणजे काढला गेला. चुकीने. मी तिथे नवा भरलाय... नाही, रंग जुळलाय. पण जुना नाही तो. नीट बघितलंत तर कळेल. तो कधी जुना होणार नाही... हो... हो, मादाम."

मग ती फार वेळ नुसती ऐकत राहिली. सोलांजने कठडा धरला. एवढ्या वेळात बाई काय बोलत असतील? चौकट परत न्या म्हणत असतील. वकिलाचं नाव सांगत असतील. लियोंच्या गाडीत क्लोतिल्दला खिडकीची जागा मिळेल का, इथपर्यंत तिचा विचार पोचला.

क्लोतिल्दने रिसीव्हर ठेवला.

"त्या चिडल्यात," ती म्हणाली. "म्हणतात, दोनशे वर्षं कुणी हात लावला नाही आणि तुम्हाला दोन दिवस धीर निघाला नाही. मग विचारलं, नवं कुठे आहे ते तू स्वतः बोट ठेवून दाखवशील का? मी हो म्हटलं. सोमवारी दहाला येणार आहेत. बघून ठरवणार."

ब्रेशारने मान हलवली. चौकट उचलून पुन्हा उत्तरेच्या खिडकीखाली ठेवली.

"मग सोमवारी दहाला याच मेजापाशी उभी राहा. त्या काहीही ठरवोत, मेज तुझं. रंग चांगला जुळवलास. नखाला लागत नाही."

क्लोतिल्दचे खांदे खाली आले. सोलांज पायरी ओलांडून आत धावली, पण ब्रेशारने हात आडवा धरला.

"तुमचं सामान मागच्या खोलीत न्या, मादाम पेल्तिये. हात बरा झाला की तिथे बसा. मध्ये दार आहे."

तेहेतीस वर्षांत त्याने तिला पहिल्यांदा आडनावाने हाक मारली होती. आपल्या मेजावरचे अकीकाचे दगड, ब्रश, वर्ख कापायची गादी, सगळं तिने डाव्या हाताने एका टोपलीत भरलं. क्लोतिल्द मदतीला आली नाही. ती चौकटीवर वाकली होती, उजेडात भुवया आकसून त्या वीतभर जागेकडे बघत होती. मान दुखेल इतकी ती वाकली होती. खुर्ची दोन बोटं खाली करायला हवी होती. सांगावं का? सोलांजने ओठ मिटले आणि टोपली घेऊन मागच्या खोलीत गेली.

"आई," पलीकडून आवाज आला. "दार लाव."

सोलांजने दार ओढलं. चार बोटांची फट राहिली. त्या फटीतून खिडकी दिसत होती आणि खिडकीत क्लोतिल्दची मान.

"पूर्ण."

तिने दार पूर्ण लावलं.